ऋतूनुसार रानवाट : कर्नाळा-पाताळगंगा परिसर आणि विहाराची मात्रा

आपल्या चिठ्ठीवर औषधाचे नाव, मात्रा, काल आणि अनुपान या चारही गोष्टी काटेकोरपणे लिहिल्या जातात. पथ्यापथ्याचा छापील तक्ताही बहुतेक चिकित्सालयांत तयार असतो. विहाराची पाळी आली की मात्र आपली लेखणी एकाच वाक्यावर थांबते : ‘रोज फिरायला जावे.’ कोठे, कोणत्या वेळी, किती, कोणत्या ऋतूत आणि कोणी जाऊ नये, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नसते. ‘रोज चूर्ण घ्यावे’ एवढेच कोणी लिहिले तर आपण त्या वैद्याला हसू. विहाराच्या बाबतीत तेच आपण निःसंकोचपणे करीत आलो आहोत. मग रुग्णही ते वाक्य उपचार म्हणून घेत नाही, निरोपाचा नमस्कार म्हणून घेतो.

प्रस्तुत लेखात चिरनेर पंचक्रोशीच्या उशाला असलेल्या कर्नाळ्याच्या रानाचा आणि त्याच्या दक्षिणेकडून वाहणाऱ्या पाताळगंगेच्या खोऱ्याचा विचार याच दृष्टीने केला आहे. हा परिसर बारा महिने फिरण्याजोगा आहे, असे सहलीच्या जाहिरातींत म्हटले जाते. ते खरेही आहे. परंतु प्रत्येकाने बारा महिने फिरावे असा त्याचा अर्थ होत नाही. ऋतुचर्येचा अभ्यास केलेल्या वैद्याचे काम या दोन विधानांमधील अंतर रुग्णाला समजावून देण्याचे आहे.

प्रथम देशविचार. पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाच्या दोन्ही अंगांना कर्नाळा पक्षी अभयारण्य पसरले आहे. १९६८ साली हे अभयारण्य झाले तेव्हा त्याचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होते. २००३ मध्ये ते १२.११ चौरस किलोमीटरपर्यंत वाढविण्यात आले. मध्यभागी अंगठ्यासारखा सुळका मिरविणारा कर्नाळा किल्ला, उंची सुमारे साडेचारशे मीटर. किल्ल्याच्या पश्चिमेस अक्कादेवीचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी महागणपतीचे चिरनेर. उत्तरेकडच्या शिरढोण गावी १८४५ साली वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा या कर्नाळ्याचे किल्लेदार होते. दक्षिणेस आपट्यावरून खाली येणारी पाताळगंगा खारपाड्याजवळ भरती-ओहोटीच्या टापूत शिरते व पुढे धरमतरच्या खाडीला मिळते.

या नदीचे एक वैशिष्ट्य आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात नसते. कोकणातील लहान नद्या फाल्गुनानंतर आटतात, पाताळगंगा आटत नाही. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरील लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचे पाणी तेथील यंत्रांवरून उतरून या नदीत सोडले जाते. जे पाणी निसर्गतः भीमेच्या खोऱ्यात, पूर्वेकडे गेले असते, ते अशा रीतीने पश्चिमेकडे येऊन आपले खोरे वैशाखातही हिरवे ठेवते. मात्र बारमाही वाहणारी नदी म्हणजे बारमाही स्नानयोग्य नदी नव्हे. खोपोलीपासून रसायनीपर्यंत कारखान्यांची रांग आहे. शरद ऋतूतील हंसोदकाचे वर्णन वाचून कोणी या पाण्यात डुबकी मारू नये आणि ते ओंजळीने पिऊही नये. अगस्त्याच्या उदयाने निर्विष होणारे पाणी आचार्यांनी वर्णिले, त्या वेळी नदीकाठी रसायनांचे कारखाने नव्हते.

आपला देश आनूप. कफ-वातप्रधान, क्लेदबहुल. अशा देशात व्यायामाचे महत्त्व अधिक. पूर्वी या पंचक्रोशीतील माणसाला तो वेगळा सांगावा लागत नसे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांनी तो आपोआप घडत होता. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि दोन पिढ्यांत चित्र पालटले. शेतकऱ्याचा मुलगा आज कंटेनरच्या गोदामात संगणकासमोर बसतो किंवा ट्रेलरच्या चाकामागे दहा-दहा तास घालवितो. आहार मात्र आजोबांचाच राहिला आहे : दोन्ही वेळचा भात, सुकी मासळी आणि रात्री उशिराचे जेवण. आजोबांच्या ताटात नांगराची भूक होती, नातवाच्या ताटात फक्त भात आहे. माझ्या चिकित्सालयात येणाऱ्या स्थौल्य आणि प्रमेहाच्या तरुण रुग्णांचे निदान पुष्कळदा एवढ्यातच सामावलेले असते.

प्रमेहाच्या चिकित्सेत सुश्रुताचार्यांनी विहाराची जी योजना केली आहे, ती औषधापेक्षा कमी तपशीलवार नाही. निर्धन रुग्णाने पादत्राण व छत्री न घेता, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. धनिकाने साधे रानधान्य खाऊन हरणांच्या सहवासात राहावे. कोणी शेत नांगरावे, कोणी विहीर खणावी. म्हणजे रुग्णाची ऐपत, त्याचा व्यवसाय आणि त्याचे बल पाहून विहार बदलला आहे. जपानच्या वनखात्याने १९८२ साली ‘शिन्रिन-योकु’ म्हणजे वनस्नान हा शब्द रूढ केला, पुढे त्याचा जगभर बोलबाला झाला आणि आपल्याकडील वृत्तपत्रेही त्याविषयी कौतुकाने लिहू लागली. कौतुक अवश्य करावे. परंतु हरणांबरोबर राहण्याचा सल्ला चिठ्ठीत लिहिणाऱ्या परंपरेच्या वैद्याने जपानी शब्दासाठी थांबून राहण्याचे कारण नाही.

आता ऋतूंकडे वळू. प्रारंभ वर्षा ऋतूपासून करतो, कारण लोकव्यवहार आणि शास्त्र यांचा सर्वांत मोठा विरोध येथेच आहे.

मुंबई-नवी मुंबईच्या लोकांचा सहलीचा ऋतू म्हणजे पावसाळा. जून उजाडला की ओढे, धबधबे आणि किल्ल्यांच्या वाटा माणसांनी फुलतात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी उरणपर्यंतची रेल्वेही सुरू झाली. तेव्हापासून तासाभरात येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. शास्त्र नेमके उलट सांगते. वर्षा ऋतूत अग्नी मंद, बल अल्प आणि वात प्रकुपित; म्हणून चरकाचार्यांनी या काळात व्यायाम, ऊन, दिवसाची झोप आणि नदीचे पाणी या सर्वांचा निषेध केला आहे. वाग्भटाचार्य तर पायी हिंडूही नये, पाण्याची वाफ व थंड तुषार पोहोचणार नाहीत अशा वरच्या मजल्यावर राहावे, असे सुचवितात. धबधब्याखाली तासभर उभे राहून, ओल्या कपड्यांनी भजी खाऊन, दुचाकीवरून वाऱ्यात घरी परतणारा तरुण या सूत्रांतील एकेक शब्द मोडीत असतो. श्रावणात आपल्याकडे येणाऱ्या कटिग्रह, आमवातवृद्धी आणि तमकश्वासाच्या वेगांचा इतिहास घेताना ‘मागच्या रविवारी कोठे गेला होतात?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर बऱ्याचदा उद्बोधक असते.

तथापि चार महिने रुग्णाला घरात कोंडावे, असे मी म्हणणार नाही. कोकणातील पावसाळा जूनपासून म्हणजे आषाढाच्या आगेमागे सुरू होतो. येथे प्रावृट् ऋतू स्वतंत्र धरल्याखेरीज पंचांग आणि आकाश यांचा मेळ बसत नाही, आणि इतका दीर्घ काळ संपूर्ण अचंक्रमण प्रमेही किंवा मेदस्वी रुग्णाला परवडणारे नाही. म्हणून या काळात उघडीप पाहून, सपाट वाटेने, पाय कोरडे राहतील अशा पादत्राणांनी, नेहमीच्या निम्मे चालणे मी सांगतो. चढ वर्ज्य, भिजणे वर्ज्य. घरी येताच अंग पुसून सुंठीचे उष्ण पाणी. पायांच्या बोटांमधील चिखल्या म्हणजे सुश्रुतोक्त ‘अलस’. त्याला या दिवसांत क्षुद्ररोग म्हणून दुर्लक्षू नये. विशेषतः प्रमेही रुग्णाची बोटे स्वतः उघडून पाहावीत. साचलेल्या पाण्यातून जखमी पायाने चालून आलेल्या व्यक्तीस आठ-पंधरा दिवसांत तीव्र ज्वर, पोटऱ्यांत वेदना आणि डोळ्यांत लाली आली तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून तत्काळ रुग्णालयात पाठवावे. तेथे ज्वरघ्न काढ्यांचा प्रयोग करीत दिवस घालविणे योग्य नाही.

आणि डोंगराचा धोका निराळाच आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तो डोंगर याच मुलखातला. अतिवृष्टीच्या दिवसांत प्रशासन धबधबे व धरणांच्या परिसरात बंदीचे आदेश काढते. त्या आदेशांना आनंदावरचे विरजण न समजता ऋतुचर्येचा भाग समजावे.

पावसाळ्यातील रानाचा खरा आनंद बसून पाहण्याचा आहे. ज्येष्ठाच्या सरींबरोबर कर्नाळ्याच्या ओढ्यांकाठी तिबोटी खंड्या वीण घालण्यास येतो. निळा, जांभळा, केशरी असा हा तळहातावर मावेल एवढा पक्षी, रायगड जिल्ह्याचा जिल्हापक्षी. मातीच्या दरडीत बीळ करून तो पिल्ले वाढवितो. छत्रीखाली एका जागी शांत बसणाऱ्यालाच तो दिसतो; गाणी वाजवीत जाणाऱ्या टोळीला दिसत नाही. छायाचित्राच्या हव्यासाने बिळाजवळ जाणाऱ्यांनी मात्र त्याच्या विणीत विघ्न आणले आहे, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

शरद ऋतूत आकाश निवळते आणि लोकांना वाटते, आता ट्रेक सुरू करावेत. येथेही घाई नको. साचलेले पित्त सूर्याच्या तापाने प्रकुपित होते. भाद्रपद-आश्विनातील ऊन अंगावर घेऊन दुपारी किल्ला उतरणारे रुग्ण शिरःशूल, अम्लपित्त व शीतपित्ताच्या तक्रारी घेऊन येतात. पहाटेचे दवही शास्त्राने वर्ज्य सांगितले आहे. म्हणून ऊन चढण्याआधीची, दव उतरल्यानंतरची, तास-दीड तासाची मुदत उरते. सायंकाळी चांदण्याचे सेवन सांगितले आहे, ते घराच्या अंगणात किंवा गच्चीवर करावे. अभयारण्यातून सूर्यास्तापूर्वी बाहेर पडणे बंधनकारक आहे आणि रात्रीचे रान रानाच्या रहिवाशांचे आहे. वर्षा संपून शरद लागतानाचा पंधरवडा ऋतुसंधीचा. पावसाळ्यात निम्मे केलेले चालणे या चौदा दिवसांत पावले मोजून वाढवीत न्यावे, एका रविवारी भरून काढू नये.

हेमंत आणि शिशिर हे विहाराचे खरे ऋतू. अग्नी प्रदीप्त, बल उत्तम. अर्धशक्तीपर्यंत व्यायामाची अनुज्ञा याच काळात व पुढे वसंतात आहे. किल्ला चढावयाचा असेल तर तो मार्गशीर्ष ते माघ या काळात, सकाळी. अभयारण्यात हरियाल आणि मोरटाका या नावांच्या निसर्गवाटा आखलेल्या आहेत. त्यांपैकी हरियाल वाट नवशिक्याला सोयीची. किल्ल्याची वाट मध्यम चढाची असली तरी घोट्याच्या दगडगोट्यांची आहे. संधिवात असणाऱ्यांनी ती टाळावी. येथे एक व्यावहारिक सूचना. सकाळी फिरायला जाताना काही न खाणे हे अलीकडे भूषण मानले जाते. हेमंतातील बलवान अग्नीला इंधन मिळाले नाही तर तो रसादी धातूंनाच पचवू लागतो, हे चरकाचार्यांचे निरीक्षण विसरू नये. चढणीवर निघणाऱ्या कृश किंवा वातप्रकृतीच्या माणसाने तिळाचा लाडू, गूळ-शेंगदाणे असे काही स्निग्ध पदार्थ बरोबर ठेवावेत. मेदस्वी रुग्णाला ही सवलत नाही, हे सांगावयास नकोच.

याच दिवसांत स्थलांतरित पक्षी येतात. येथे दीडशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. स्वर्गीय नर्तक, शीळकरी कस्तूर, कर्णा यांची नावे पक्षिमित्र आदराने घेतात. वैद्यांना गंमत वाटेल असा पक्षी म्हणजे भृंगराज, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे फलक असलेला काळाभोर कोतवाल. आपला भृंगराज ओलसर जमिनीवर माक्याच्या रूपाने उगवतो, हा फांदीवर बसून इतर पक्ष्यांच्या नकला करतो. पक्षिनिरीक्षणाचा उपयोग मी चिंता, अनिद्रा आणि अतिविचाराने त्रस्त झालेल्या रुग्णांसाठी विशेषत्वाने करतो. त्यांना ‘मन शांत ठेवा’ असे सांगणे निष्फळ असते; ‘एका झाडाखाली अर्धा तास थांबा आणि किती निरनिराळे आवाज येतात ते मोजून मला सांगा’ असे सांगितले तर त्यांना काम मिळते. सत्त्वावजयाची ही फार साधी रीत आहे आणि तिला शुल्क लागत नाही.

वसंतात पांगारा, पळस आणि काटेसावर फुलतात. पाने झडलेल्या रानात ही तांबडी फुले आणि त्यांवरची पक्ष्यांची झुंबड पाहण्यासाठी वेगळी वाट वाकडी करावी लागत नाही. कफ वितळण्याचा हा काळ; व्यायाम, उद्वर्तन, वमन यांचा. वमनासाठी आपण जे मदनफळ आणतो, तो गेळा कोकणच्या रानांत सहज भेटणारा आहे. कफप्रकृतीच्या रुग्णाला या दिवसांत सकाळचा चढ सांगावा आणि माध्यान्ह सावलीत घालविण्यास सांगावे. वसंतातील दुपार वनराईत घालविण्याचे वर्णन वाग्भटांनी केलेच आहे. सावधगिरी एकच. किल्ल्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळे असतात. धूर, गोंगाट, उग्र अत्तर यांनी माश्या चवताळतात आणि त्यांनी पूर्वी गिर्यारोहकांवर हल्ले केले आहेत. सुळक्याच्या पायथ्याशी असलेल्या पाण्याच्या टाक्यांजवळ बसणाऱ्यांनी आवाज खाली ठेवावा.

ग्रीष्माविषयी थोडक्यात. व्यायाम वर्ज्य, आतप वर्ज्य. सागाचे रान उन्हाळ्यात उघडेबोडके होते, सावली फक्त ओढ्यांच्या काठी उरते. सकाळी आठ-साडेआठपर्यंत संथ चालावे आणि परतावे. वणव्याचे दिवस असल्याने कोणीही काडी ओढू नये. दगड उलथताना विंचवाचे भान ठेवावे. लाल विंचवाच्या दंशावरील प्राझोसिनचा उपचार आपल्याच जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी जगापुढे मांडला, हे या परिसरातील प्रत्येक चिकित्सकास माहीत असावे. घाम, थंड हातपाय, खोकला ही लक्षणे दिसताच रुग्णास लेप लावीत बसवू नये. फुरसे, घोणस, नाग, मण्यार यांच्या दंशालाही हाच न्याय लागू : हालचाल थांबवावी, चिरा देऊ नये, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले केंद्र गाठावे.

मात्रेचा प्रश्न सर्व ऋतूंना समान आहे. अर्धशक्ती म्हणजे काय, हे किलोमीटरमध्ये सांगता येत नाही. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे, तोंड कोरडे पडणे, श्वास तोंडाने घ्यावासा वाटणे, ही तिची लक्षणे रुग्णाला पाठ करून द्यावीत. ‘तोंडाने श्वास सुरू झाला की बसा’ एवढे एक वाक्य पुरते. हातातील घड्याळ दहा हजार पावले मागते. शरीर कधी चार हजारांवरच अर्धशक्ती सांगते. अशा वेळी शरीराचे ऐकावे. रक्तपित्त, कास, श्वास, शोष, कृशता आणि अजीर्ण यांत व्यायाम निषिद्ध आहे, त्यामुळे अशा रुग्णांना रान दाखवावे, चढवू नये. हृद्रोगाचा पूर्वेतिहास असणाऱ्यास किल्ल्याकडे पाठविण्यापूर्वी आधुनिक तपासण्या करून घेण्यात कमीपणा नाही.

आता औषधी वनस्पतींचा विषय, आणि तो औषधनिर्मात्यांशी अधिक निगडित आहे. वैद्यमंडळींची वनौषधी-सहल निघाली की परतताना पिशव्या भरलेल्या असतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. गुळवेलीचे वेटोळे, शतावरीची मुळे, कळलावीचा कंद. अभयारण्यातून परवानगीविना काहीही उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, ही झाली कायद्याची बाजू. चिरनेरच्या मातीवर उभे राहून पाहिले की तिला आणखी एक बाजू दिसते.

२५ सप्टेंबर १९३० रोजी याच अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. ब्रिटिश सरकारच्या जंगलविषयक निर्बंधांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा लाकूडफाट्याचा हक्क काढून घेतला होता. तो मोडण्यासाठी आसपासच्या गावांतील लोक डोंगरावर गेले. गोळीबार झाला, आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्या धुमश्चक्रीत मामलेदार जोशीही मारले गेले. हुतात्म्यांच्या नावांत पाटील, कोळी, म्हात्रे यांच्याबरोबर नवश्या महादेव कातकरी हे नाव आहे. दरवर्षी त्या दिवशी चिरनेरच्या हुतात्मा स्मारकाला मानवंदना दिली जाते.

कातकरी किंवा काथोडी हे नावच काथावरून आले आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून काथ काढणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय होता. आपल्या खदिरादि वटीतील खदिरसार तो हाच. जंगलाचे निर्बंध आले, खैर तोडणे गुन्हा ठरले आणि काथ करणारी माणसे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीला गेली. खदिरसाराचा बाजार बंद झाला नाही, फक्त तो इतरांच्या हाती गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क वननिवासींना दिला आहे, आणि गौण वनोपजात औषधी वनस्पतींचा समावेश होतो. ज्या मुलखात मोळीभर लाकडासाठी माणसे मेली, तेथे सुशिक्षित वैद्याने सहलीच्या नावाखाली पिशवी भरावी, हे मला योग्य वाटत नाही. वनस्पती ओळखाव्या, छायाचित्र घ्यावे, पान चुरगाळून वास घ्यावा तो खाली गळून पडलेल्या पानाचा. द्रव्य हवे असेल तर ते अभयारण्याबाहेर, हक्कदार संग्राहकाकडून, पावती करून विकत घ्यावे.

ओळखण्याचे काम मात्र औषधनिर्मात्यांनी स्वतः रानात येऊन करण्याजोगे आहे, कारण बाजारातील निम्मी फसवणूक नावांच्या साम्यावर चालते. कोकणात ऐन, असाणा आणि ग्रंथांतील असन ही तीन निरनिराळी झाडे आहेत. प्रमेहावरील असन म्हणजे बीजक, ज्याला आपण बिबळा म्हणतो. कुड्याचेही तसेच. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा एकमेकींपासून मोकळ्या लोंबतात, काळ्या कुड्याच्या शेंगा कोवळ्या असताना टोकाशी जुळलेल्या असतात. कडू इंद्रजव पहिल्याचे, गोडे इंद्रजव दुसऱ्याचे. कुटजारिष्टासाठी साल घेणाऱ्याने मार्गशीर्षात एकदा दोन्ही झाडांखाली उभे राहून शेंगा पाहाव्यात आणि साल चाखावी ती व्यापाऱ्याच्या नमुन्याची. धायटीची लाल फुलेही शिशिराच्या अखेरीस डोंगरउतारावर दिसू लागतात. संधानासाठी ती वापरणाऱ्या पण झुडूप कधी न पाहिलेल्या निर्मात्यांची संख्या थोडी नसावी.

माझ्या चिकित्सालयात आता औषधाच्या चिठ्ठीमागे विहाराची चिठ्ठी लिहिली जाते. उदाहरणार्थ, प्रमेही, मेदस्वी, वय पंचेचाळीस, गोदामातील नोकरी : ‘पौष-माघ. आठवड्यातून पाच दिवस गावातील सपाट वाट, सूर्योदयानंतर, तोंडाने श्वास येईपर्यंत. रविवारी हरियाल वाट, संपूर्ण. किल्ला नाही.’ दोन महिन्यांनी ऋतू बदलतो, चिठ्ठी बदलते. रुग्ण ती जपून ठेवतात आणि पुढच्या खेपेस स्वतःहून काढून दाखवितात. ‘रोज फिरायला जावे’ या वाक्याला हा मान कधी मिळाला नव्हता.

पावसाळ्यात ज्यांना रान चढता येत नाही, त्यांच्यासाठी रान खाली येते. पहिल्या पावसानंतर पनवेल-उरणच्या बाजारांत आदिवासी स्त्रिया शेवळाच्या जुड्या, भारंगीचा पाला, टाकळा, फोडशी आणि पुढे कर्टोली घेऊन बसतात. मंदाग्नीच्या काळात या भाज्या अल्प मात्रेत, भारंगी कफ-श्वासाच्या रुग्णास आणि कर्टोली प्रमेही रुग्णास आवर्जून सांगाव्यात. भावात घासाघीस करू नये. शेवळ घेताना त्याबरोबर काकडाची फळे मागून घ्यावीत. ती घातल्याशिवाय शिजविलेले शेवळ घशाला खाज आणते, आणि ती फळे कोणत्या झाडाची, हे विकणारी बाईच सर्वांत चांगले सांगते.